मेइचूचे दात आणि माझा कॉम्प्युटर

२ एप्रिल
आजपासून चिडायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय म्हणून नव्हे, मी मुळातच शांत माणूस आहे.
सकाळपासून कॉम्प्युटर तीनदा बंद पडला. माझू देवीच्या मिरवणुकीचे बॅनर अर्धे झाले होते, तेही गेले. की-बोर्डवर मूठ आपटली. धूळ झटकायला.
बायको मेइचू म्हणते, अख्ख्या ताइनान शहरात असला खटारा फक्त तुमच्या छपाईच्या दुकानात उरलाय, नवा घ्या एकदाचा. तिला ठणकावून सांगितलं, बिस्किटांच्या डब्यातले पैसे तुझ्या कवळीचे आहेत. आधी तुझे दात, मग यंत्र. शब्द म्हणजे शब्द!
ती उठून पेज ढवळायला गेली. भारावली असणार.

५ एप्रिल
थडगी झाडायचा सण, म्हणून वडिलांच्या थडग्यावरचं गवत काढून आलो. येताना दुरुस्तीवाल्या होंगला घेऊन आलो. मेला म्हणतो, काका, ह्यालाही तिकडेच पुरून यायचं होतंत. हल्लीच्या पोरांना जीभ आवरत नाही.
त्याच्याकडून नवा फॅन बसवून घेतला. पैसे डब्यातून. उसने. कवळीत मागचे एक-दोन दात कमी असले तर कुणाला दिसतायत?

७ एप्रिल
फॅन बसवूनही बंद. होंगला फोनवर नाही नाही ते बोललो. (शांतपणे.) तो म्हणाला, काका, निदान हिरवी पुडी तरी ठेवा.
खरंच की! बँकेत ठेवतात, हॉस्पिटलात ठेवतात, मीच कसा विसरलो? नारळाच्या चवीचे कुरकुरे. पुडी यंत्रावर ठेवली की यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवीच लागते. मुदत संपलेली चालत नाही. आणि कुणी खायची नाही, खाल्ली की कारभार आटोपला.
ठेवली. संध्याकाळपर्यंत एकदाही बंद नाही. नवा घ्या म्हणे!

९ एप्रिल
पुडीच्या जोडीला जुन्या बाजारातून रॅम आणली. डब्यातूनच. आता मात्र हात लावायचा नाही, शपथ.
आनंदात भाजलेलं स्क्विड आणि खारे दाणे आणले. मेइचूनं नुसती भाताची पेज प्यायली. काल आणलेला पेरूही तसाच पडलाय. माणूस एवढ्या हौसेनं आणतो, आणि हिचे नखरे! डोकं फिरलं. बोललो नाही, फक्त ताट आपटलं.

१२ एप्रिल
कॉम्प्युटर गेला. पडद्यावर देवीचं अर्धं तोंड आलं आणि ठप्प.
पुडी उचलून पाहिली तर रिकामी! आत हवा भरून, तोंड मुडपून, जागेवर उभी करून ठेवलेली. हा घातपात आहे. परवा समोरचा छपाईवाला त्साय कात्री मागायला आला होता. देवळाच्या कामावर त्याचा डोळा आहेच. भर रस्त्यात त्याला चोर म्हणालो. गिऱ्हाइकांसमोर! तो म्हणतो, दादा, मला डायबेटिस आहे, मी कशाला खाऊ?
सगळे चोर असंच म्हणतात.

१४ एप्रिल
देवळाच्या कमिटीनं बॅनरचं काम त्सायला दिलं. वर्षातलं सगळ्यात मोठं काम! जाता जाता त्याच्या दुकानात डोकावलो. नव्या कोऱ्या कॉम्प्युटरवर तीन पुड्या. तिन्ही भरलेल्या. बघून अंगाची लाही लाही झाली.

१५ एप्रिल
चोर सापडला. मेइचू.
जेवताना स्वतःच म्हणाली. तुम्ही दाणे आणता, पेरू आणता, स्क्विड आणता, मी चावू कशानं? घरात तोंडात विरघळेल असं तेवढंच होतं. भूक लागली होती.
माझा आवाज चढला. म्हटलं, तुझ्या दातांसाठी मी नवा कॉम्प्युटर घेतला नाही, आणि तू? हा बघ डबा! म्हणून झाकण उघडलं. आत फॅनचं बिल, रॅमचं बिल आणि एक बटण.
ती म्हणाली, मी केव्हाच पाहिलाय.
लाज वाटली. बरीच. मग बटण कुणाचं म्हणून तिच्यावर ओरडलो.

१७ एप्रिल
मेइचू कालपासून त्सायकडे जाते. मिरवणुकीच्या पत्रकांना घड्या घालायला. दात आता माझे मीच करीन म्हणाली. माझ्या शत्रूच्या दुकानात, माझ्या दुकानाच्या तोंडासमोर बसून! वर त्साय तिला दुपारी मऊ टोफू आणून देतो. मला हे कधी सुचलं नाही असं नाही. वेळ नव्हता.

२० एप्रिल
देवीचा वाढदिवस. मिरवणूक दारावरून गेली. बॅनर त्सायचे. मी पाहिले नाहीत. देवीचं नाक थोडं वाकडं आलंय.
बंद कॉम्प्युटरपुढे, खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तर छातीवर काहीतरी कुरकुरलं. हिरवी पुडी. नीट उभी, नाव बाहेरच्या बाजूला. मुदत पुढच्या वर्षापर्यंतची. दारात मेइचू चपला घालत होती. म्हणाली, यंत्रावर ठेवून पाहिलं, आता इथे ठेवून बघते. आणि गेली कामाला.
भयंकर चिडलो. उठून तिला चार शब्द सुनावणार होतो. पण उठलो असतो तर पुडी पडली असती.
तसाच बसून राहिलो. ती येईपर्यंत.