हां, बाबा

दौंड, ८ जानेवारी १९७५

शाळेतून शिकवून आले तर आबा ओट्यावर. तालमीचा म्हातारा घरी आला म्हणजे काहीतरी मागायलाच आला. एक चहा झाला, दुसरा झाला, मग मुद्दा निघाला. शिरूरच्या एका दवाखान्यात लहान पोरांचा वॉर्ड आहे. पायातली ताकद गेलेली, हाडांचा क्षय झालेली पोरं महिनोन्महिने तिथं पडून असतात. एका खाटेवर दोन-दोन. त्यांच्यासाठी आपल्या तालमीनं खेळ करायचा. तिकीट नाही, बघायला येणाऱ्यानं एक गोधडी नाहीतर चादर आणायची. लाठी, तलवार, आणि शेवटी ह्यांचा दांडपट्टा.

"डोळं बांधून लिंबू कापायचं," आबा म्हणाले. "पोरं खूस हुतील बघ."

वस्ताद (ह्यांना मी घरात चिडवायला म्हणते, बाहेर सगळे मनापासून म्हणतात) मान खाली घालून हाताचं लोकोशेडचं तेल पुसत बसलेले. पट्टा दोन वर्षं खुंटीला आहे. आमची सुजाता गेल्यापासून. लिंबू तीच धरायची.

नाही म्हणतील असं वाटलं होतं. "बघू" म्हणाले.

११ जानेवारी

हो म्हणून आले. मला न विचारता. लिंबू कोण धरणार, तर म्हणे घरचंच माणूस पाहिजे. घरचं म्हणजे मी. दुसरं आहे कोण.

फडकं बांधलं की ह्यांना फक्त कान. धरणाऱ्यानं लिंबू तळहातावर ठेवायचं, ताशा थांबला की एकदाच "हां" म्हणायचं. त्या आवाजावर पट्टा येतो. लिंबाचे दोन व्हावेत आणि हाताचा एकच राहावा, एवढीच माझी अपेक्षा.

सु. बुटकी होती. चौथीत असून दुसरीतली वाटायची. हात पट्ट्याच्या उंचीला यावा म्हणून चहाच्या रिकाम्या खोक्यावर उभी राहायची आणि म्हणायची, "हां, बाबा." कापलेल्या लिंबाचं सरबत तिचं. त्यात वाटणी चालत नसे.

१४ जानेवारी

शेजारच्या काकूंनी तिळगूळ दिला, वर सल्ला फुकट. पट्टा परत काढताय तर आधी घरावरून काहीतरी उतरवून टाका, पोर अजून घुटमळत असंल. मी म्हटलं, काकू, आमच्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हारा भीमेत सोडला, भुतांनाही तेव्हाच रजा दिली. त्यांना राग आला. येऊ दे.

घुटमळत असती तर आईला कळलं नसतं का?

१९ जानेवारी

तालमीत पहिली तालीम. पट्ट्याऐवजी वेताची छडी, लिंबाऐवजी बटाटा. ताशाला हुसेनमामा. स्टेशनजवळ शिवणकाम करतात, डोळ्यांवरचं काळं दुहेरी फडकंही त्यांच्याच हातचं.

ताशा थांबला. मी "हां" म्हटलं. वस्ताद पुरते वळले ते भलतीकडंच. कोपऱ्यात ते चहाचं खोकं पडलं आहे, त्याच्यावरची हवा सपकन कापली.

"अहो, मी इकडं!"

फडकं वर सारून माझ्याकडं बघत राहिले. "दोनदा का बोललीस?"

मी एकदाच बोलले होते. हुसेनमामांकडं बघितलं. "भाभी एकदाच बोलल्या," ते म्हणाले, आणि ताशाच्या दोऱ्या आवळत बसले. पुन्हा आमच्याकडं बघेनात.

तालमीत त्या खोक्यावर कुणी बसत नाही. बसू नका असं कुणी सांगितलेलं नाही.

२१ जाने.

बोलत नाहीत. आमटीत मीठ नव्हतं, तेही बोलले नाहीत.

२६ जानेवारी

शाळेत झेंडा, मग तालीम. दोन वेळा बटाट्याला बरोबर छडी लागली. तिसऱ्या वेळी परत कोपरा.

येताना रस्त्यात विचारलंच. काय ऐकू येतं?

विहाराच्या रस्त्याला वळले. मग म्हणाले, "हां, बाबा. आसंच म्हनती. बारीक. खोक्याच्या उंचीवरनं."

मला भीती वाटायला हवी होती. राग आला. एवढा आला की विहाराजवळ थांबून दम घ्यावा लागला. वंदनेला आत गेले नाही. काय तोंडानं जाणार? ज्या गोष्टी नाहीत म्हणून मुलांना शिकवते, त्यातलीच एक नवऱ्याला मिळाली आणि मला मिळाली नाही, म्हणून मी चिडले होते.

२ फेब्रुवारी

आबा आणि हुसेनमामा दोघे येऊन गेले. डोळे उघडे ठेवून कर म्हणाले. ह्यांचं एकच, "डोळं उघडं ठिऊन कुनीबी कापंल."

"वस्ताद, भाभीचा हात हाय तो," हुसेनमामा म्हणाले. "काकडी न्हाई."

ऐकत नाहीत.

दुपारी दळण घेऊन आले तर आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले, डोळ्यांना फडकं. हातात छडी नाही, काही नाही. मी दारात उभी आहे हे कळलं नाही. चेहरा असा झाला होता, जसा ती शाळेतून येण्याच्या वेळेला व्हायचा.

तेव्हा समजलं. ह्यांना खेळ करायचाच नाही. ह्यांना ऐकायचं आहे. फडकं सोडलं की ती जाते, म्हणून डोळे उघडे नकोत. त्यात माझा हात गेला तरी.

असं लिहू नये. पण खरं आहे.

५ फेब्रु.

घटसर्प होता. ह्यांची तेव्हा कुर्डुवाडीला बदली ड्यूटी. पुण्याच्या दवाखान्यात तिच्याजवळ मी. घसा आतून धरत गेला आणि पहिला गेला तो आवाज. ओठ हलायचे, मी कान लावायची, नुसता वारा. पाणी म्हणायची की आई, तेसुद्धा सांगता येत नाही.

आता तिचा आवाज आठवायला जाते तर ते ओठच येतात पुढं. आधीचं सगळं त्यांनी पुसून टाकलं. हे तिथं नव्हते, म्हणून ह्यांच्या कानात ती धड आहे. जवळ बसून राहिले त्याचं हे फळ.

तिची पेटी अजून उघडलेली नाही. तालमीत गोधड्यांचा ढीग लागला आहे, कासुर्डीहूनसुद्धा आल्या. मी आमची दिली, सासूबाईंची दिली. तिची छोटी दिली नाही. देणार नाही.

९ फेब्रुवारी

आबांबरोबर शिरूरला वॉर्ड बघून आले. खिडक्या उंच, पोरं खाली. आडवं पडून छत तेवढं दिसतं. राहू गावची एक पोरगी आहे, मंदा, नऊ-दहा वर्षांची, एका पायाला पट्ट्या. मला म्हणाली, "कापल्याव लिंबू कुनाला देत्यात?"

"तुला पाहिजे?"

"मीठ लावून."

सिस्टर म्हणाल्या, बाई, हिला रोज काहीतरी आंबट पाहिजे. सगळी हसली. मीही. मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. मोटारीत आबा म्हणाले, "पोरी, तुला जमंल ना?" म्हटलं, आबा, जमवायचं ते ह्यांनी, मला नुसतं उभं राहायचं आहे. खोटं. मला जे करायचं आहे ते मलाच नीट माहीत नाही. एकदा, फक्त एकदा, मलाही ऐकू यावं. म्हणून मी हात पुढं करते आहे.

१२ फेब्रुवारी

आज शाळेत पोरांना रांगेत उभं करताना सुचलं. दोन ठिकाणांहून आवाज येतात म्हणून हे चुकतात. दोन्ही एकाच ठिकाणाहून आले तर?

संध्याकाळी म्हटलं, खोकं शिरूरला घेऊन चला. खोक्यामागं मी गुडघ्यांवर बसते. हात खोक्याच्या वर, तिचा असायचा तेवढ्याच उंचीला. मग कुणाच्याही आवाजावर मारा, लिंबूच सापडेल.

पट्ट्याला तेल लावत होते, थांबले. "आन् ती कुठं हुबी ऱ्हाईल?"

"माझ्या पुढ्यात."

म्हणाले मी असं. मी, जिनं काकूंना सुनावलं.

उठून आत गेले. रडत असावेत. मी गेले नाही मागं.

१७ फेब्रुवारी

काल खेळ झाला. काल लिहिता आलं नाही.

न्हावऱ्यावरून ट्रकनं गेलो. गोधड्यांवर बसून पोरं, ताशा, लाठ्या, मांडीवर खोकं घेऊन मी. दवाखान्याच्या अंगणात खाटा बाहेर आणलेल्या. ऊन चांगलं होतं. माणसं खूप, येणारा प्रत्येकजण काखेत काही ना काही घेऊन. लाठीला टाळ्या, तलवारीला शिट्ट्या. मंदा पहिल्या खाटेवर.

मग हे उभे राहिले. हुसेनमामांनी फडकं बांधलं. मी खोक्यामागं गुडघे टेकले, उजवा हात पुढं केला, लिंबू ठेवलं. छाती आणि खोकं यांच्यात एका लहान पोरीपुरती जागा उरली. तिकडं मी बघितलं नाही.

ताशा थांबला. इतक्या माणसांचा एकदम आवाज गेला.

मला "हां" म्हणायचं होतं. घसा धरला. अगदी आतून. तोंड उघडलं, ओठ हलले. तसेच. तिचे हलायचे तसे. आणि मला वाटलं, आता ह्यांना काही ऐकू आलंच नाही तर हे तसेच उभे राहतील, आणि मला कळेल की कुणी नाही. आणि वाटलं, नको कळायला.

पट्टा आला.

वारा तेवढा लागला. लिंबू अर्धं हातावर, अर्धं घरंगळत खाटांखाली. खडूनं फुटलेली बोटं रसानं चुरचुरली, तेव्हा हात जागेवर आहे हे समजलं. केवढा गलका. मंदा ओरडत होती, "माजं! ते माजं!" सिस्टरनी वाकून काढून दिलं. मीठ नव्हतं तरी चाटलं.

मी बोलले का? बोललेच असणार. त्याशिवाय पट्टा येतो का? ट्रकमध्ये हुसेनमामांना हळूच विचारलं, तुम्हाला आवाज आला होता?

"आला की. तुमचाच, भाभी." मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "जरा बारीक आला."

ह्यांना विचारलं नाही. हे दौंड येईस्तोवर बाहेर बघत होते.

२० फेब्रु.

आज आपणहून बोलले. "त्या दिवशी एकच आवाज आला. दोन न्हाई."

"कुणाचा?"

"तेच कळंना झालंय."

पुढं म्हणाले, घरी येऊन रोज फडकं बांधतो, काही येत नाही. तालमीतल्या कोपऱ्यातही गेलो, नाही. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी नेऊन हरवलं आहे.

हरवलंच आहे. गडबडीत खोकं शिरूरलाच राहिलं.

२३ फेब्रुवारी

"घिऊन ये ते. तालमीचं हाय." तीन दिवसांत चौथ्यांदा. स्वतः का जात नाहीत, विचारलं. तिथं जाऊन ऐकू आलं नाही तर, याची भीती. मला कळते ती. माझीही तीच आहे.

२ मार्च

सकाळच्या एसटीनं शिरूरला. आता प्रत्येक खाटेवर दोन-दोन गोधड्या. खोकं खिडकीखाली लावलेलं. त्यावर मंदा, चांगल्या पायावर भार देऊन, गज धरून उभी.

"लिंबूवाल्या बाई," मागं न बघताच म्हणाली, "हितनं एसटी दिसती. तुमी उतरताना बी दिसला."

पोरांनी पाळ्या लावल्यात. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना खोक्यावर उभा असलेला सांगतो, बाहेर काय चाललं आहे ते. सिस्टरना म्हटलं, खोकं न्यायला आले आहे. त्यांनी मंदाच्या पाठीकडं बघितलं फक्त. मी जवळ गेले. खोक्याच्या कडेवर हात ठेवला. डोळे मिटून थांबले. लाज वाटली, तरी थांबले. पोरांचा कलकलाट. त्यात एखादा आवाज वेगळा काढायचा म्हणजे... सगळेच बारीक होते.

रिकाम्या हातानं परत निघाले. मोटारीत काय काय सांगायचं ते जुळवत आले. फुटलं म्हणून सांगू. आबांनी वॉर्डला दिलं म्हणून सांगू.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. दार उघडं. आत जमिनीवर बसलेले, डोळ्यांना फडकं, तोंड दाराकडं. मी चपला बाहेरच काढल्या, पाय न वाजवता. तरी कळलं.

"आनलंस?"

नाही म्हणणार होते. शपथेवर लिहिते, नाहीच म्हणणार होते. दिवसभराच्या धुळीनं घसा बसलेला. त्यातून निघालं ते "हां". इतकं बारीक की माझं मलाच ओळखू आलं नाही.

ते अर्धवट उठले. एक हात पुढं केला, खाली, खोक्याच्या उंचीला.

"कोन?" म्हणाले. "कोन हाय?"

मी उंबऱ्यातच उभी राहिले. मला सांगता आलं असतं.

आता चुलीपाशी बसून लिहिते आहे. भात होत आला. फडकं त्यांनी अजून सोडलेलं नाही, आणि मी अजून सांगितलेलं नाही.