मुलुंडच्या स्थळाआधी खाल्लेली गाभोळी

७ फेब्रुवारी १९५७, गुरुवार
रविवारी मुलुंडला मुलगी बघायला जायचं. नाव पद्मजा. फोटो झकास. तरी लगेच होकार नाही. आधी तिला मासे कळतात का ते विचारणार. मासळीतलं माझ्याइतकं अख्ख्या अंधेरीत कुणाला कळत नाही. उद्यापासून पहाटे व्यायाम.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
व्यायाम राहिला. सकाळीच वर्सोव्याची कोळीण अंजनाबाई मासळीची टोपली घेऊन दारात. तिने करली कापली आणि पोटातला पांढरा गुंता हळूच बाजूला सारला. मी बरोबर पकडलं. गाभोळी, माशाची अंडी! म्हणे, "गाभोली नाय, किडं हायत. मांजरीला टाकायचं." मला शिकवते! स्वतःच्या घरी न्यायची असणार. भांडून घेतली. आई हात लावेना, म्हणून मीच तव्यावर टाकली. गाभोळी फार तळली की चव जाते, म्हणून लगेच उतरवली. जराशी चिवट लागली.

संध्याकाळी. पोटात कळा. ऑफिसचा चहा. साहेबांकडे लेखी तक्रार करणार.

९ फेब्रुवारी, शनिवार
अंगभर पित्ताच्या गांधी. डावा डोळा मिटलाय, ओठ सुजलाय. आई म्हणते, किडेच ते, डॉक्टरकडे जा. मी म्हणतो, नवा साबण. डॉक्टर आधी मासे बंद करतात, म्हणून जाणार नाही. आईने आमसुलाचं पाणी चोपडलं. उद्यापर्यंत नक्की उतरेल.

१० फेब्रुवारी, रविवार, सकाळी
उतरलं नाही. आई म्हणाली, पुढच्या रविवारी जाऊ. छे! उजवा गाल पुढे करून बसलं की झालं.

रात्री. जाऊन आलो. पद्मजाने पोहे दिले आणि सरळ विचारलं, काय खाल्लंत? मासळीतलं कळतं हे दिसावं म्हणून गाभोळीचं साग्रसंगीत वर्णन केलं. तिने विचारलं, गाभोळी दोन पिशव्यांत असते, तशी होती का? म्हटलं, नाही, दोऱ्यांसारखी, वेटोळी घातलेली. ती म्हणाली, अहो, ते जंत! तिच्या वडिलांनी खुर्ची मागे सरकवली. आई जमिनीकडे बघत बसली. पद्मजा मात्र हसली नाही. उद्याच डॉक्टरला दाखवा, म्हणाली. मुलगी आवडली. फारच आवडली. परीक्षा वगैरे राहू दे, होकार कळवतो.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
डॉक्टरही जंतच म्हणाले. महिनाभर मासे बंद. सूज उतरली, आता डोळे दोन्ही उघडतात.
मुलुंडहून कार्ड आलं. पत्रिका जुळत नाही, म्हणतात.
आम्ही पत्रिका अजून पाठवलीच नव्हती.