तेविसावा महिना

लँकशर, १४/२/७९

ती. आग्नेस आत्यास,
लिओचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मैदान दगडासारखं गोठलंय. मी अजून राखीव संघातच आहे. फुटबॉल क्लबच्या फॉर्मवर जन्मतारीख आपल्या अमेरिकन सवयीने महिना आधी टाकून ११/२३ लिहिली. इथे इंग्रज लोक दिवस आधी लिहितात. तेव्हापासून बूट-हातमोजे सांभाळणारा स्टॅन्ली रोज विचारतो, काय रे यांकी, तो तुझा तेविसावा महिना थंडीत येतो की उन्हाळ्यात. आता मीही त्यांच्यासारखंच लिहितो.

बाबांचं खरं कळव. 'बरे आहेत' एवढं मला पुरत नाही.

तुझा,
लिओ

सेंट लुईस, २/२६/७९

चि. लिओस अनेक आशीर्वाद.

तेविसाव्या महिन्याला तुझे बाबा इतके हसले, की मला त्यांची गळ्यातली नळी धरून बसावं लागलं. ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच; फोन निरुपयोगी. ते पाटीवर लिहितात, मी तुझी पत्रं वाचून दाखवते. खरं विचारलंस म्हणून सांगते, डॉक्टर ईस्टरपर्यंत म्हणतात. तुला बोलावू का विचारलं, तर लिहिलं: गोल उघडा टाकून कीपर घरी येत नाही. मागच्या अंगणात दोन कचऱ्याच्या डब्यांमध्ये तुला उभं करायचे, तेव्हापासूनचा हट्ट हा. ठरव तूच.

मफलर वापर. तुझी,
आग्नेस आत्या

लँकशर, २०/३/७९

ती. आत्यास सा. न.

पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं. शनिवारी, ३१ला, मी पहिल्या संघात. एवढा एक सामना खेळतो आणि निघतो. तिकीट काढलंय, ५/४ला घरी पोचतो. बाबांना म्हणावं, तेवढं थांबा.

घाईत,
लिओ

सेंट लुईस, ३/२९/७९

चि. लिओस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं. चार मे म्हटल्यावर त्यांनी बोटांवर आठवडे मोजले, पाटीवर नुसता पाचाचा आकडा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. कालपासून सूप घेत नाहीत. मी रागावले, लाडीगोडी केली. लवकर येता आलं तर बघ, बाळा.

तुझी,
आत्या

लँकशर, १८ एप्रिल १९७९

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

बाबांना पोचवून परतलो, तर तुझं २९ मार्चचं पत्र दाराशी पडलेलं. तीन तारखेला ते गेल्याची तुझी तार मला मिळाली, तेव्हा बॅग भरलेलीच होती. तारेमुळेच मी आलो असं तुला वाटलं, आणि तू वाटच बघत होतीस असं मला. म्हणून बोलणं निघालंच नाही.

आत्या, ती चार मे नव्हती. पाच एप्रिल होती. मी इथल्यासारखा दिवस आधी लिहिला. फक्त दोन दिवस थांबायचं होतं, आणि ते पाच आठवडे समजून बसले. त्या शनिवारी मी एकही गोल होऊ दिला नाही, तेही त्यांना कळलं नाही.

लिओ

सेंट लुईस, २७ एप्रिल १९७९

चि. लिओस अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला महिना अक्षरांतच लिहायला लावायच्या, आकडा टाकला की बोटांवर पट्टी. ते मी विसरले. तू तर आधीच सांगितलं होतंस, आणि आम्ही हसण्यावारी नेलं होतं. तेव्हा चूक तुझी एकट्याची नाही, बाळा, आणि मीही ती एकटीने घेणार नाही.

त्यांची खोली आवरली. पाटी तेवढी राहिली. तिच्यावर अजून तो पाच आहे. पुसायला ओला फडका घेऊन गेले आणि तशीच परत आले. पुन्हा येशील तेव्हा पूस, नाहीतर राहू दे.

आत्याला विसरू नकोस.

तुझी,
आग्नेस