उपाशी कोळसा

५ ऑक्टोबर
आज माती संशोधन केंद्रात कामावर रुजू झाले. केंद्र आटोपशीर आहे: एक भट्टी, एक प्रयोगशाळा, बारा वाफे आणि त्यांच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं घर. बाबाही सोबत आलेत. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून त्यांचे डोळे थकले, पण गळ्यातली टेप काही उतरत नाही. आल्या आल्या त्यांनी खिडक्या मोजल्या आणि पडदे तोकडे पडणार असं जाहीर करून टाकलं.

भट्टी बघून मी हरखलेच. मक्याची रिकामी कणसं आणि छाटलेल्या फांद्या फार हवा न लागू देता भाजायच्या. त्यातून निघणाऱ्या वायूवर केंद्राचं इंजिन चालतं आणि उरलेला कोळसा मातीत जातो. भट्टी सांभाळणाऱ्यांना सगळे भट्टीवाले काका म्हणतात. इथल्या चहाला धुराचा वास येतो, दोन दिवसांनी येईनासा झाला की तुम्ही इथल्या झालात, असं त्यांनी मला सांगितलं.

९ ऑक्टोबर
काकांकडे शिकवणी. कोळसा तळहातावर चोळायचा. नुसत्या पाण्याने हात स्वच्छ झाला तर भाजणी नीट झाली. मग पंधरा दिवस शेणपाण्याच्या हौदात. काका त्याला जेवणाचा हौद म्हणतात. ताजा कोळसा उपाशी असतो, त्याला आधी जेवण, मग नोकरी, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रही तेच सांगतं. एका ग्रॅम कोळशातल्या छिद्रांची आतली बाजू पसरली तर आमच्या घरापेक्षा मोठी भरेल. ती रिकामी ठेवली तर कोळसा मातीतलं सत्त्व ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात. किती ओढतो, हे नीट मोजलेलं मला कुठे सापडलं नाही.

१२ ऑक्टोबर
मुलीचं बाळंतपण म्हणून काका आठ दिवस रजेवर. पेरणीची तारीख उद्यावर आलेली. पंधरा दिवस थांबले तर हंगाम हातचा जाईल, म्हणून उपाशी कोळसाच चौथ्या वाफ्यात पुरला. पुन्हा उकरून तोलता यावा म्हणून जाळीच्या ऐंशी पिशव्या केल्या, प्रत्येकी पाचशे ग्रॅमच्या. नोंदवहीत ‘हौद’ या रकान्यात आडवी रेघ मारली.

बाबा चपला काढून वाफ्यावरून चालून आले. माती गादीसारखी आहे म्हणे. रोजचं चालणं आता तिथेच.

२१ ऑक्टोबर
चौथ्या वाफ्यातली रोपं पिवळी. अपेक्षित होतं. गांडूळ मात्र एकही नाही.

काका परतले. नोंदवहीतली रेघ बघून रागावले नाहीत. वाफ्यावर अनवाणी कोण चालतं, एवढंच विचारलं. मी हसत बाबांचं नाव सांगितलं. ते हसले नाहीत. आजपासून बंद करा म्हणाले. बाबा ऐकतात होय! चालायला डॉक्टरांनी सांगितलंय, तुझ्या भट्टीवाल्याने नाही, असं ऐकवून फेऱ्या मारायला गेले.

बाबांनी स्वतःची पँट कमरेत एक इंच आत घेतलीय. माझ्या स्वयंपाकाची कृपा म्हणाले.

२८ ऑक्टोबर
एक पिशवी काढली. धुतली, भट्टीच्या उबेवर वाळवली, तोलली. पाचशे तीस ग्रॅम. माती चिकटली असेल म्हणून पुन्हा धुतली. पाचशे तीस. आणखी दोन काढल्या. दोन्ही पाचशे तीस.

बाबांची कंबर छत्तीसवरून चौतीसवर.

३० ऑक्टोबर
येण्याआधी डॉक्टरांनी कार्डावर बाबांचं वजन लिहिलं होतं: एकसष्ट किलो. आज पोत्यांच्या काट्यावर अठ्ठावन्न किलो सहाशे. दोन किलो चारशे कमी.

पिशवीमागे तीस ग्रॅम. पिशव्या ऐंशी.

गुणाकार तीनदा केला.

बाबांचे तळवे काळे पडलेत. साबणानेही निघत नाही.

२ नोव्हेंबर
तीन दिवस त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही. दारापाशी मीच बसले. तरी आज सत्तावन्न किलो चारशे. पिशवी पाचशे पंचेचाळीस. त्यांनी वर चालायची गरजच नाही कोळशाला. ओळख झाली आहे.

३ नोव्हेंबर
पिशव्या उकरून भट्टीत घालायला निघाले. काकांनी माझ्या हातातलं फावडं धरलं. माझ्या आधीच्या सरांनी तेच केलं होतं म्हणे. त्यांची आई सोबत राहायची. सकाळी पिशव्या भट्टीत गेल्या आणि दुपारी आई गेली. कोळशाच्या आत माणसाचं जे गेलेलं असतं, तेच जळतं.

हौदात टाकू का, विचारलं. एकदा माणसाची चव लागली की शेणाला शिवत नाही, असं उत्तर. पोट भरलं की परत देतो, असं त्यांना वाटतं. पोट भरेपर्यंत कुणी थांबलेलं नाही.

५ नोव्हेंबर
बाबांना कात्री उचलवत नाही. त्रेपन्न किलो. माझ्या मापाचं आता काही शिवायला नको, माप रोज बदलतंय, म्हणाले. हसलेही. मला हसता आलं नाही.

चूक माझी. रेघ माझी.

६ नोव्हेंबर
सकाळपासून चौथ्या वाफ्यात अनवाणी बसलेय. त्याचं पोट भरायचं तर माझ्यावर भरू दे. खरंच गादीसारखं आहे. कोमट. काका काठावरून जेवण सरकवतात, आत पाऊल टाकत नाहीत.

बाबा त्रेपन्नच. आज उतरले नाहीत.
मी चौसष्ट होते. संध्याकाळी साठ.

७ नोव्हेंबर
बाबा त्रेपन्न किलो चारशे! दोन्ही वेळा जेवले. कुठे गेली पोर म्हणून विचारत होते. तालुक्याला गेलीय असं काकांनी सांगितलं.
मी चोपन्न. नोंदवही मागवली. हौदाच्या रकान्यातली रेघ खोडली, तिथे माझी सही —
हात काळे. पाण्याने जात नाही.

८ नोव्हेंबर
पाय वर येत नाहीत. काट्यावर जाता आलं नाही.
बाबा पंचावन्न. काका ओरडून सांगतात. पंचावन्न —
अजून थोडं. भरत आलंय. कळतं मला —

घराचं दार वाजलं. बाबा स्वतः चालत — गळ्यात टेप. मला बघितलं. काका आडवे आले, बाबांनी त्यांना बाजूला केलं. एवढी ताकद आली त्यांच्यात —
चपला काढतायत.
बाबा, नको. तिथेच थांबा. बाबा, पाऊल —