डावी बाजू

कामरगाव
१२ जानेवारी २०२५

चि. राजपाल,

तुले, सूनबाईले अन् लहानीले आशीर्वाद. इकडे सगळं बरं हाय. तूर सोंगून झाली, हरभरा घाट्यावर आला. थंडी लय हाय. रहमतुल्ला टेलर रोज सकाळी चा घेऊन येते, दोघं ओट्यावर बसतो अन् उन्हाची वाट पाहातो. आमी दोघं चवथीपासूनचे दोस्त, त्यामुळे बोलाले काही लागत नाई.

तुहा मेसेज वाचला. व्हिडिओ कॉल काहून उचलत नाई, असं तू इचारलं. इथं रेंज धड नसते. अन् त्या एवढ्याशा चौकटीत आपलंच थोबाड पाहात बोलणं मले जमत नाई. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं दिसन. थंडीनं हात आखडते, कागद दाबून धरता येत नाई.

तू लिहिलं, "बाबा, आता पुरे झालं. मुंबईची खोली सोडा अन् पुण्याला या. लोक चेहरा ओळखतात, पण नाव कुणालाच माहीत नाही. कोणासाठी करता हे सगळं?"

बरं झालं लिहिलं. इतके वर्षं तू हे मनात ठेवून होता.

आता ऐक. मी कारंज्याच्या बाजारात अडत्याकडे हर्रासी बोलत होतो. धान्याच्या ढिगावर उभा राहून भाव पुकारायचा, एवढंच काम. नागपूरच्या एका नाटकवाल्यानं तो आवाज ऐकला अन् मले संग नेलं. तिथून मुंबई. पह्यल्या सिनेमात मी हवालदार होतो. "साहेब, बॉडी सापडली," एवढंच बोललो. त्याच्यानंतर मी काय नाई झालो? तलाठी झालो, भटजी झालो, कसाई झालो, दारूचा गुत्तेदार झालो. आपरेशनच्या खोलीतून बाहेर येऊन मान हालवणारा डॉक्टर तर इतक्या वेळा झालो का खरे डॉक्टर मले नमस्कार करत. किती सिनेमे, किती मालिका, मी मोजल्या नाई. हिरो बदलले, त्यायचे पोरं हिरो झाले, मी तिथंच मान हालवत होतो.

पह्यल्याच वर्षी एक निर्माता म्हणे, "उकंडराव हे काय नाव आहे? पडद्यावर चांगलं दिसत नाही. बदला." माह्या आधीचे लेकरं जगले नव्हते, म्हणून आईनं मले उकंड्यावर, कचऱ्याच्या ढिगावर, ठेवून परत उचललं होतं, अन् त्यावरूनच नाव ठेवलं. मी त्याले म्हणलं, साहेब, ज्या नावानं मी जगलो ते नाव तुमच्या सिनेमासाठी मारून टाकू काय? त्यानं नाव गाळलंच पाट्यांमधून. पुढच्यानं लिहिलं. ज्याले गाळाचं त्यानं गाळलं, पण बदललं कोणीच नाई.

शाळेत तुले पोरं चिडवत, तुहा बाप दर सिनेमात मार खाते. तुह्या मायनं मले सांगतलं होतं. लग्न जमवताना तू सोयऱ्यायले सांगतलं, वडिलांचा मुंबईत ट्रान्सपोर्टचा धंदा हाय. तेबी मले माहीत हाय. मांडवात सिनेमे न पाहणाऱ्या तुह्या सासऱ्यानं मले इचारलं, गाड्या किती? मी त्यायले म्हणलं, गाड्या येतात अन् जातात. बस, तेवढंच. तो रोल बी मी केला.

पण मी या कामाची माफी मागणार नाई. घरी कमी राह्यलो हे खरं. ज्या कामासाठी बाहेर राह्यलो ते काम हलकं होतं, हे मात्र मी कबूल करणार नाई.

अन् पुण्यालेबी मी येत नाई. कारंज्याच्या कस्तुरचंद शेठची, त्याच माह्या जुन्या अडत्याची, नात कृतिका वाशीमले आपला पह्यला सिनेमा करून राह्यली. त्यात बापाचं काम मले देल्लं हाय. पह्यल्या सीनपासून शेवटच्या सीनपर्यंत. असं काम मले आजवर कोणी देल्लं नाई. तब्येतीचं इचारू नको. खाणंपिणं ठीक हाय.

लहानीचा अभ्यास घेत जाजो.

तुहा,
बाबा


वाशीम
६ फेब्रुवारी २०२५

चि. राजपाल,

आशीर्वाद. तुहं पत्र आलं. घरात पत्र लिहिणारा मी एकटाच नाई राह्यलो, याचं बरं वाटलं. तू लिहिलं, "काहीतरी लपवताय." हो. आता लिहितो.

दिवाळीच्या आधी, कामरगावले, सकाळी दात घासताना मले झटका आला. डावं अंग गेलं. रहमतुल्लानं जीपमधे टाकून अकोल्याले नेलं. पाय आला, हात बराच आला. तोंड नाई आलं. डावा गाल खाली उतरला हाय, तो डोळा पुरा मिटत नाई, अन् त्या कोपऱ्यातून लाळ येते. डॉक्टर म्हणतात, राह्यलं ते आता असंच राहीन.

तुले कळवलं नाई, ते रागानं नाई. मले तुहं नाव घेता येत नव्हतं. "राज" म्हणलं का पुढचा "पा" ओठातून निघेच ना, नुसती हवा जाय. साऱ्या जिंदगीत आवाज इकला मी, अन् आपल्या पोराचं नाव तोंडातून येत नाई. असा फोन कसा लावू?

रहमतुल्ला मले दुकानात समोर बसवे. मशीन चालवत म्हणे, "बोल बे. राजपाल. पूरा बोल." मी बोलो, तो मान हालवे. "अबी नई." गिऱ्हाईक हसत. हसू देल्लं. जुने डायलॉग म्हणलो, हर्रासीचे भाव पुकारले, अन् रोज तुहं नाव. एक दिवस निघालं. रहमतुल्लानं मशीन थांबवली, डोळे पुसले अन् म्हणे, "अब लगाव फोन."

मी नाई लावला. तू आला असता अन् उचलून पुण्याले नेलं असतं. मले आधी हे काम कराचं होतं.

मग कृतिकाले भेटलो. माहं तोंड पाहून पोरगी खुर्चीवरून उठलीच. काम तिनं झटक्याच्या आधीच देल्लं होतं, पुढचं तिले काही माहीत नव्हतं. म्हणे, "काका, तुम्ही आराम करा. मी दुसऱ्या कुणाला बघते."

म्हणलं, "दुसऱ्याले घेजो. पण आधी माहा एक सीन घे. मंग मलेच सांग, घरी जा म्हणून."

पाटणी चौकाकडल्या एका बांगड्यायच्या दुकानात सेट होता. सीन असा हाय का पोरगी घर सोडून शिकाले जाऊन राह्यली अन् बाप तिले जा म्हणते. पोरीचं काम सबिहा करते, कामरगावचीच हाय. कॅमेरावाला मले न इचारता कृतिकाले म्हणे, "काकांना उजवीकडून घेऊ. डावीकडे सावली टाकली की काही कळणार नाही."

मी उठलो. म्हणलं, "भाऊ, चाळीस वर्षं लोकायनं मले हिरोच्या खांद्यामांगून घेतलं. मी काही बोललो नाई. आता मले माह्याच गालामांगं लपवतं काय? तोंड हाय ते असं हाय. घ्याचं तर समोरून घे, नाई तर नको घेऊ."

तो कृतिकाकडे पाहे, कृतिका माह्याकडे पाहे. शेवटी ती म्हणे, "समोर लावा."

मी बोलाले लागलो. "जाय बाई, मांगं पाहू नको." "पाहू"वर ओठ अडकला, लाळ हनुवटीवर आली. मले समजलं, पण मी पुसली नाई. कोणता बाप त्या टायमाले तोंड पुसते? अन् सबिहानं काय केलं, आपली ओढणी घेतली अन् माहं तोंड पुसलं. कागदावर हे नव्हतं. पुसून झालं तरी तिनं हात काढला नाई. मी वाक्य पह्यल्यापासून घेतलं अन् पुरं केलं. कृतिका "कट" म्हणाले इसरली.

माह्या तोंडाचं निर्मात्याच्या कानावर गेलं, रातच्याले मुंबईहून त्याचा फोन आला. ती बाहेर जाऊन लय येळ बोलली. काय बोलली ते मले सांगतलं नाई. आत आली अन् म्हणे, "काका, उद्या सकाळी सातला तयार राहा."

रोज तयार राहातो. थकवा येते, डोळा चुरचुरते, दुपारी एखांदा घंटा पडतो. निर्माता अजून कुरकुर करते म्हणतात. सिनेमा लागन का नाई, कोणी पाहीन का नाई, मले माहीत नाई. माहं काम मी समोरून केलं, एवढं माहीत हाय.

तू लिहिलं, "१६ तारखेच्या रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो." न्यायले येऊ नको. पाहाले ये. तू आजवर माह्या एकाबी सेटवर आला नाई. इथं खुर्ची देतात, चा देतात. कोणी इचारलं का हा म्हातारा तुहा कोण, तर काय सांगाचं ते तू ठरव. मी मधे बोलणार नाई.

अन् लहानीलेबी आण. भेईन म्हणून आधीच काही समजावू नको. तिले जे इचाराचं ते मलेच इचारू दे.

तुहा,
अजून कामावर असलेला बाप