रंगीत कामात चूक लपते

२ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. लेकीला सातवा लागला आणि आता उलट्या थांबल्या हे वाचून जिवाला बरं वाटलं. तिला म्हणावं, जिन्यावरून धावू नकोस. तुझ्यावर गेली असेल तर ऐकणार नाही, पण सांगून ठेव.

आता एक बातमी सांगते, हसायचं नाही. मी ब्लँकेट विणायला घेतलंय. पोपटी, जांभळं, मोहरीपिवळं, विटकरी, जी म्हणून लोकर ट्रंकेत उरली होती ती सगळी त्यात घालायची. जाड सुया, दुपदरी लोकर, सरळ पट्टे. तुझ्या भाऊजींचा स्वेटर बाह्यांवाचून पडलाय, समोरच्या शिक्षकांचा एकच मोजा झालाय, तुझ्या नातवंडाचा पांढरा स्वेटर अर्धा आहे, आणि त्यात हे. भाऊजी म्हणाले, एक ना धड, भाराभर चिंध्या. मी म्हटलं, चिंध्या माझ्या आहेत, तुम्ही पेपर वाचा.

पांढऱ्या स्वेटरचा पुढचा भाग या पार्सलात पाठवते आहे. बाकीचा तूच विण. आजी तू होणार आहेस, मी फुकट का राबू? शिवाय पांढऱ्या लोकरीने हल्ली डोळे दुखतात.

लेकीला आशीर्वाद. आमच्यावर जीव आहेच, तो असू दे.

तुझी,
ताई

९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. अगं, तू आणि रंगीबेरंगी? आई आपल्याला शिकवायला बसायची तेव्हा मी लाल-निळ्यासाठी हटून बसायचे आणि तू मात्र पांढऱ्याचा गुंडा धरायचीस. रंगीत कामात चूक लपते, पांढऱ्यात हात कळतो, हे आईचं वाक्य तू मला आयुष्यभर ऐकवलंस. आता म्हातारपणी रंग चढला म्हणायचा!

स्वेटरचं मी बघते. शाळेच्या ग्रंथालयात सध्या जुन्या पुस्तकांना पुठ्ठे घालायचं काम चालू आहे, त्यामुळे बोटांना दिवसभर खळ. घरी येऊन हात घासून धुतल्याशिवाय पांढऱ्याला शिवायची सोय नाही. डोळे दुखतात तर चष्म्याचा नंबर बघून घे. आणि तुझं अक्षर असं मुंगीएवढं का झालंय? कागद महागला का तुमच्याकडे? शेवटच्या चार ओळी मी भिंग घेऊन वाचल्या.

भाऊजींना नमस्कार सांग. चिंध्यांबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे हेही सांग. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

१७ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षरावरून टोमणे मारायची गरज नव्हती. हे बघ, मोठं काढलंय.

ब्लँकेट हातभर झालं. बघणारा आधी डोळे मिटतो आणि मग छान म्हणतो. त्यात मन रमतं, म्हणून बाकीचं मागे पडतंय. तेव्हा भाऊजींच्या स्वेटरच्या बाह्याही तुझ्याचकडे पाठवते आहे. मोज्याचंही तूच बघ, बारा नंबरच्या बारीक सुया त्यातच ठेवल्या आहेत. मला आता त्या लागणार नाहीत. म्हणजे, इतक्यात लागणार नाहीत.

इथे सगळं ठीक. भाऊजींनी सकाळचा चहा गाळायचं काम स्वतःकडे घेतलंय. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच. ओटाभर सांडतात, पण मी बोलत नाही.

लेकीची तपासणी कधी आहे ते कळव. तुझी आठवण रोज निघते, तूही काढत जा.

तुझी,
ताई

२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे.

काल रविवारी मी ते पांढरं काम खिडकीशी नेऊन नीट बघितलं. गळ्याजवळच्या ओळींत लोकर पार केसाळ झाली आहे. चारपाच वेळा उसवून पुन्हा विणल्याशिवाय नवी लोकर अशी होत नाही. आणि एवढं करूनही सात टाक्यांत सुई धाग्याच्या मधून गेली आहे, टाका अर्धाच उचललाय. तुझ्या हातून असा एक टाका मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. भाऊजींच्या स्वेटरचा तोच प्रकार, पाठीला छान आणि पोटाशी हळूहळू बिघडत गेलेला.

तू 'मोठं काढलंय' म्हणतेस त्या पत्रात पहिली ओळ मोठी आहे. शेवटी पुन्हा मुंग्याच. ताई, बाबा रंगवायचे त्या पाट्या आठवतात ना? दुकानाच्या नावाचं पहिलं अक्षर वीतभर आणि शेवटचं बोटभर. आपण दोघी हसायचो. ते म्हणायचे, फळी उतरती आहे. मग त्यांनी बारीक अक्षरांची कामं सोडली, मग ब्रश जाड घेतला, मग हात खिशात ठेवायला लागले. डॉक्टरांकडे सहा वर्षांनी गेले आणि डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर.

तुझा हात कापतो का? हो की नाही, एवढंच लिही. उत्तर येईपर्यंत माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
ठमी

२८ नोव्हेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हो.

उजवा. स्वस्थ बसले की जास्त. पावसाळा संपताना सुरू झालं. जाड सुयांवर त्यातल्या त्यात चालतो, आणि रंगांत चुकलेलं दिसत नाही, म्हणून ते ब्लँकेट. आणि काहीच विणलं नाही तर हात मोकळा राहतो, आणि मोकळा राहिला की त्याच्याकडे बघत बसावं लागतं. भाऊजींना ठाऊक आहे. कप माझ्या हातून दोनदा फुटले, तेव्हापासून चहा ते गाळतात. तुला कळवू नका अशी मी त्यांना शपथ घातली होती.

डॉक्टरांकडे मी जाणार नाही, निदान बाळ होईपर्यंत तरी नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, हे मला कळतं. पण आज ती नुसती चिंता आहे, डॉक्टरांनी नाव घेतलं की दुखणं होईल. मला भीती वाटते ग. बाबांना शेवटी मी भरवत होते, तू शिकायला बाहेर होतीस. चमचा त्यांच्या दातांवर वाजायचा तो आवाज तू ऐकलेला नाहीस.

रागावू नकोस. माया ठेव.

तुझी,
ताई

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न.

रागावले नाही. रडले, आणि मग मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तुमच्याच गावातले आहेत. अकरा तारखेला सकाळी दहाची वेळ आहे. मी दहा तारखेलाच संध्याकाळी पोचते. लेकीकडे तिची सासू थांबते आहे, तो बहाणा चालणार नाही.

आणि वेळ दोघींची घेतली आहे.

तुला शहाणपण शिकवणारी तुझी ही बहीण गेली दोन वर्षं रोज सकाळी दात घासून झाले की आरशासमोर दोन्ही हात पुढे धरते. पालथ्या हातावर पोस्टकार्ड ठेवते आणि वीस आकडे मोजते. कार्ड हललं की पुन्हा मोजते. मग ते नक्की हाताने हललं की श्वासाने, याचा दिवसभर विचार करते. बाबांचं आपल्यात उतरतं का, हे विचारायला दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. तुझे टाके मला इतके चटकन का दिसले, ते आता तुला कळलं असेल. एकटीने त्या खोलीत जायची माझी छाती नाही. तू माझ्यासाठी चल.

तुझी,
ठमी

१६ डिसेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं कळलं. गोळ्या सुरू केल्या आहेत. दिवसातून तीन, त्याही जेवणाआधी, आणि भाऊजी घड्याळ घेऊन पहारा देतात. हे पत्र दोन बैठकांत लिहिते आहे. डॉक्टर म्हणाले तसं आहे खरं, अगदी सुरुवात आहे, आणि वेळेत आलो. बाबांच्या दुखण्याचंच नाव घेतलं त्यांनी, त्यांच्या कागदावर होतं तेच. इतके दिवस धसका घेतला होता, आणि ऐकल्यावर काही पडलं नाही, झडलं नाही.

तू मात्र माझा हात घट्ट धरून होतीस. मग त्यांनी तुला उठवलं, चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, आणि हसून म्हणाले की या बाईंना काहीही झालेलं नाही, ते पोस्टकार्ड तेवढं टाकून द्या. तेव्हा मला रडू फुटलं. तू मला जवळ घेतलंस, भाऊजी पाणी आणायला धावले, डॉक्टर धीर देत राहिले की हल्ली औषधं चांगली आहेत. परतीच्या वाटेवरही तू मला समजावत होतीस. मला समोरासमोर बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते.

मी माझ्यासाठी रडत नव्हते, वेडे.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ताई