होडीचा कणा सरळ आहे

गंगाराम मेस्त, तुझा दमा कसा आहे? जानकीच्या डोळ्यांना आता नीट दिसते ना? लेक रुक्मिणी बाळंतपणाला आली होती, ती आणि मूल सुखरूप? बोलणे बंद असले तरी दोडामार्गच्या बातम्या नर्मदा बाजारातून आणतेच. तिची कंबर बरी आहे. माझी छाती पावसात वाजते, पण आज हलकी आहे. ज्याला काही द्यायचे त्याची प्रकृती आधी विचारावी, म्हणून हे पहिले.

मी, विश्राम सखाराम कुबल, वय सदुसष्ट, राहणार तारकर्ली, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी कानात काही न फुंकता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. शाळा तिसरीपर्यंत. इंजिन खोलून खोलून शिकलो. लिहिण्यातली चूक सावरून घ्यावी. इंजिनातली खाली कबूल केली आहे.

१. राहते घर, विहीर व अकरा माड पत्नी नर्मदा हिचे, तिच्यामागे मुलगा सत्यवान याचे. तो मुंबईला गोदीत आहे, तरी होडीत पाय ठेवला की ओकतो. म्हणून होडी त्याला नाही. तो घरी आला तेव्हा त्याला तसे सांगितले, तर तो सुटल्यासारखा हसला.

२. इंजिनाचे पाने व हत्यारे सत्यवानला. त्यांतले मोठे गिरमीट मात्र माझे नाही. १९५६ साली माझी होडी 'भराडीकृपा' गंगारामने बांधली आणि मी तिला इंजिन बसवायला घेतले. तेव्हा तो म्हणाला, "विश्राम, मी आंगणेवाडीच्या जत्रेक जातंय. दोन दिवस थांब. शाफ्टाचा भोक सूत धरून मीच पाडतलंय." मी थांबलो नाही. त्याच्या पेटीतून गिरमीट काढले आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टचे भोक नजरेच्या अंदाजाने पाडले. तो परत आला तेव्हा मी इंजिन फिरवून ऐट करत होतो. गिरमीट त्याचे त्याला द्यावे.

३. होडी पाण्यात गेली ती उजवीकडे ओढतच. सुकाणूचा दांडा गुडघ्याने दाबावा, तेव्हा कुठे सरळ चाले. मी दांड्याची खीळ बदलली, सुकाणूची फळी रंधली, पंखा ठोकून घेतला, डाव्या अंगाला वाळूच्या दोन गोणी ठेवल्या, देवीला गाऱ्हाणे घातले. स्वतः पाडलेले भोक तेवढे तपासले नाही. गंगाराम म्हणाला, "सूत धरून बघूया रे." मी किनाऱ्यावर सगळ्यांदेखत ओरडलो, "कणोच वाकडो घातलंस! तुका दारां-खिडक्याच करूक येतत!" त्यानंतर त्याला इकडे कोणी होडी बांधायला दिली नाही. तो दोडामार्गला गेला आणि खरोखरच दारे-खिडक्या करू लागला. ते बोलणे मी मागे घेतो. त्या दोन गोणी किनाऱ्यावर ओताव्यात.

४. हे कळले कसे, तेही लिहितो. गेल्या मे महिन्यात इंजिन भर समुद्रात बंद पडले. शेजारच्या बाबलीने आपल्या होडीला दोर बांधून मला ओढत आणले. वाटेत तो ओरडला, "विश्रामकाका, सुकान घट धरलात मां?"

"माझे दोनव हात विडी पेटवूक गुंतलेहत!"

"मगे होडी इतकी सरळ कशी येता?"

विडी तशीच विझली. कणा वाकडा असता तर ओढतानाही होडी उजवीकडे गेली असती. इंजिन दुरुस्त करून चालू केले, तर पुन्हा उजवीकडे! ओहोटीला होडी वाळूवर घेतली आणि सूत धरले. कणा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. शाफ्टचे पंख्याकडचे टोक मात्र एक बोट उजवीकडे. मी वाळूत बसून हसत सुटलो. नर्मदेला वाटले ऊन लागले. सांगितल्यावर म्हणाली, "आठ वर्सां मी सांगतंय, मेस्ताचो हात सरळ आसा म्हणान!" मित्राने फसवले असे मानून आठ वर्षे जगलो. त्यापेक्षा आपणच गाढव ठरलो हे फार सोपे गेले. त्या दिवसापासून झोप लागते.

५. होडी 'भराडीकृपा' इंजिनासह गंगारामची. नर्मदेला रोज कालवणापुरते मासे द्यावेत. नाळेवरचे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचे, बांधणाऱ्याचे नाव मी रागाने तासले होते, ते पुन्हा कोरावे.

६. कलम तीन व चार माझ्या मरणाची वाट न पाहता, येत्या रविवारी, त्याच किनाऱ्यावर, त्याच लोकांपुढे वाचावे. वाचणार मीच. ओरडायला आवाज होता, तर वाचायलाही आहे.

गंगाराम, होडी शाकारून ठेवली आहे. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात जायची, त्याआधी जुने भोक बुजवून नवे पाडायला हवे. याची नक्कल तुला टपालाने पाठवतो; तू येणार की नाही, ते लवकर लिही. गिरमिटाला तेल लावले आहे, पण गिरमीट लाकडाला टेकवलेले नाही. या वेळी मी थांबतो.

सही : विश्राम सखाराम कुबल

साक्षीदार :
१. बाबली (ज्याच्या होडीने ओढून आणले तो)
२. गुरुदास मास्तर, तारकर्ली

ठिकाण : तारकर्ली
ता. १२ जुलै १९६४